पालथा हात, उताणा हात

"कट्ट!"

माईकमधून आवाज आला आणि शेडमधली दोन-अडीचशे माणसं एकदम ओरडली, "जुळलं! हाड जुळलं!" मागच्या बाजूला टाळ वाजू लागले. एक म्हातारी उभ्या जागी रडायला लागली. तिचं काहीच जुळलं नव्हतं. तिचा नंबर अजून यायचा होता.

डिचोलीच्या बाहेर एक खाण बरीच वर्षं बंद आहे. खाणीच्या तोंडाशी खनिजाचे ट्रक तोलायचा काटा होता. काटा काढून नेला, पत्र्याची शेड तेवढी राहिली. त्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी अनंतबुवा बसत. लोक त्यांना हाडबुवा म्हणत. जागा मला नवी नव्हती. बावीस वर्षं मी त्याच काट्यावर माझा ट्रक उभा केला होता.

बुवांच्या पुढ्यात लोहखनिजाचा एक काळा-तांबडा दगड होता. धुऊन, तेल लावून चकचकीत केलेला. त्याला ते लोहशीळ म्हणत. असल्या दगडांचे डोंगर मी ट्रकमधून वाहिले. माझं त्यानं काही जुळलं नाही, उलट कंबर गेली.

"माउली!" बुवा म्हणाले. त्यांच्या कॉलरला छोटा माईक होता. "या भूमीत लोखंड. तुमच्या रक्तात लोखंड. आणि या हातांत काय?"

"चुंबक!" लोक ओरडले. त्यांना पाठ होतं.

"चुंबक लोखंडाला हाक मारतो, लोखंड हाडाला हाक मारतं, आणि हाड आपल्या घरी येतं. डॉक्टर काय करतो? सुरी काढतो. हाड म्हणजे रुसलेलं मूल. सुरी दाखवली तर मूल घरी येईल का?"

"नाही!"

आत्ता ज्या बाईचं हाड जुळलं ती मये गावची सरस्वती. बुवांनी तिचा हात शिळेवर पालथा ठेवायला लावला होता. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हाडाची गाठ वर आलेली दिसत होती. बुवांचा माणूस सुदेश, त्यानं पुढच्या रांगेतल्या दोघांना बोलावून त्या गाठीवर बोट ठेवायला लावलं. "आसा मा?" म्हणजे, आहे ना? "आसा, आसा!" मग तेल, मग मंत्र, मग बुवांनी मनगट दाबून धरलं, करंगळी ओढली आणि कट्ट. लगेच म्हणाले, "प्रसाद घे, बाय." तिनं हात पुढे केला. तळहातावर केळ्याचा तुकडा आणि तुळशीचं पान पडलं. "आता बघा रे!" त्याच दोघांनी परत बोट लावलं.

"ना! गाठ ना!"

"खंय गेली गो?"

मी स्वतः तिसऱ्या रांगेतून पाहिलं. गाठ नव्हती. मी टाळी वाजवली नाही, पण खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला होता.

आम्ही कोरगावहून चौघं आलो होतो. मुलगा परेश, सून क्षमा, बारा वर्षांची नात गौरवी आणि मी. माझी बायको विमला दोन वर्षांपूर्वी गेली. ती कशी गेली ते सांगायलाच मी लिहायला बसलो आहे. एरवी लिहिणं हे माझं काम नाही.

गौरवीचं उजवं मनगट वर्षभरात वाकडं होत गेलं होतं. पडली नाही, लागलं नाही. हाताचा पंजा पुढे घसरल्यासारखा आणि मागे हाडाचं टेंगूळ. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टर सुविधा म्हणाल्या होत्या की लहानसं ऑपरेशन लागेल. हाडाची वाढ चालू आहे तोवर केलं तर हाताला सरळ वाढायची संधी आहे. तारीख दिली होती, पुढच्या सोमवारची. परेशला ते मान्य नव्हतं. क्षमाला भीती होती. कुणीतरी हाडबुवांचं नाव सांगितलं आणि आम्ही शेडमध्ये येऊन उभे राहिलो.

रांगेत शिरताना सुदेश प्रत्येकाला पळीनं तीर्थ देत होता. गौरवीनं उजवा हात पुढे केला, पण तिचा तळहात वर वळेना. अर्ध्यावर, कडेवर उभा राहिला. तीर्थ मनगटावरून सांडलं. तिनं पटकन डावा हात पुढे केला.

"डाव्या हातानं तीर्थ घेतात काय गो?" सुदेश म्हणाला. त्यानं मागे बघून हाक दिली, "हिका पट्टी! एकवीस दिवस!" मग परेशला म्हणाला, "हिचं शिळेवर होणार नाही. पट्टीचं काम आहे. अमावास्या जाऊ दे, पुढच्या रविवारी आणा. घट्ट बांधावी लागेल, रडली तर सोडायची नाही."

मला तिथंच विमला आठवली. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातातूनही तीर्थ असंच सांडलं होतं. बुवा हेच, पण तेव्हा ते इथं बसत नसत. आमच्या पेडणे तालुक्यातच एका घरात बसत, आणि पळी धरणारा माणूस हाच होता.

बाहेर पडताना दाराशी दोन एक्स-रे टांगलेले दिसले. मागे ट्यूबलाइट होती. एकाखाली लिहिलं होतं, 'आधी'. त्यात मनगटाचं हाड वाकून मागे गेलेलं. दुसऱ्याखाली, 'नंतर'. त्यात हाड बऱ्यापैकी सरळ. दोन्ही चित्रांत एका बोटात अंगठी होती, तारेचे तीन वेढे घातलेली.

तशी अंगठी मी विमलाला म्हापशाच्या सोनाराकडून करून दिली होती. मी गाडीत येऊन बसलो.

आता ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात विमला काजूच्या बागेत बोंडू वेचताना घसरली आणि हातावर पडली. आरोग्य केंद्रात एक्स-रे काढला. डॉक्टरनं सांगितलं, मोठ्या इस्पितळात जाऊन हाड बसवून प्लास्टर घाला. परेश तेव्हा बोटीवर नोकरीला होता. क्षमा आणि गौरवी मुलीच्या शाळेसाठी म्हापशाला भाड्यानं राहत होत्या. घरात आम्ही दोघंच. मी विमलाला बुवांकडे नेलं. ती आपणहून गेली नाही, शेजाऱ्यांनी नेलं नाही, मी नेलं. बुवांनी बांबूच्या कामट्या आणि पाला लावून पट्टी आवळली, आणि एक्स-रे देवाच्या पायाशी राहू दे म्हणून ठेवून घेतला. "सात दिवस सोडायची नाही. बोटं सुजली म्हणजे हाड कामाला लागलं. ताप आला म्हणजे हाड जोडतंय."

बोटं सुजली. मी म्हटलं, हाड कामाला लागलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बोटां माझी नायशी वाटतत." मी म्हटलं, चार दिवस कळ काढ. सहाव्या दिवशी बोटं काळी पडली आणि ती मला ओळखेना, तेव्हा मी पट्टी कापली आणि इस्पितळात नेलं. तिथं अंगठी कापून काढली. पाच दिवसांनी ती गेली. विष रक्तात पसरलं होतं.

बुवांना विचारायला गेलो तर म्हणाले, "सातवा दिवस पुरा केला नाहीस. एका दिवसानं बायको घालवलीस." आणि मी ते खरं मानलं. दोन वर्षं मानलं. क्षमाला नाही आणि परेश बोटीवरून आला तेव्हा त्यालाही पट्टीचं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, इस्पितळात नेली आणि वाचली नाही. त्यातून त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं.

त्या रविवारी घरी आल्यावर मी म्हटलं, "परेश, पट्टी नको बांधूया."

"बाबा, तुमी गप बसा," तो म्हणाला. "आईक इस्पितळात नेली आणि ती परत इली नाय. आता ह्या चेडवाक पण थंयच नेव?"

"तसा नाय रे..."

"मग कसा? सांगा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. क्षमा म्हणाली, "ऑपरेशन म्हटल्यार माका भय वाटता, बाबा. बुवा कापणत तरी नाय." गौरवी पेज जेवत होती. डाव्या हातानं.

गुरुवारी तिची तपासणी आधीच ठरलेली होती. नुसता फोटो आहे, सुरी नाही, असं म्हणून मी तिला घेऊन गेलो.

नुसता फोटो नव्हता. डॉक्टर सुविधा वाकड्या मनगटांचा अभ्यास करत होत्या. हात हलत असताना आतली हाडं कशी हलतात ते त्या मशीननं बघत. मशीनच्या कड्यात गौरवीचा हात ठेवला, मुठीत एक दांडा दिला आणि सांगितलं, "दाराची मूठ फिरवतो तशी हळू फिरव. दुखलं की थांब." मशीननं काही सेकंदांत भराभर चित्रं काढली आणि कॉम्प्युटरनं ती जोडून सिनेमा केला.

"साधा एक्स-रे पुरा होत नाही काय?" मी विचारलं.

"काका, तुम्ही काय काम करत होता?"

"ट्रक. खनिजाचा."

"मग तुम्हीच सांगा. उभ्या ट्रकच्या स्टिअरिंगमध्ये कुठं अडतंय ते फोटो काढून कळेल?"

"ना. फिरवूक होया."

"तेच. वाकडं आहे ते फोटोत दिसतं. फिरताना कुठं अडतं ते फिरवल्याशिवाय दिसत नाही."

त्यांनी आधी एका निरोगी हाताचा सिनेमा लावला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं. हात पालथा होता तेव्हा करंगळीकडच्या हाडाचं टोक मागच्या बाजूला गोटीसारखं वर आलेलं. मग हात वळू लागला. करंगळीकडचं हाड जवळजवळ जागच्या जागी. अंगठ्याकडचं हाड त्याच्याभोवती फिरत गेलं, पंज्याला घेऊन. तळहात वर आला आणि ती गोटी दिसेनाशी झाली.

"मागे घ्या," मी म्हणालो.

त्यांनी मागे घेतलं. हात पालथा, गोटी वर. हात उताणा, गोटी गायब.

"परत."

त्यांनी तिसऱ्यांदा लावला. "काका, काय झालं?"

"ही गाठ खंय गेली?"

त्या हसल्या. "कुठं जाणार? तिथंच आहे. पंजा वळला की ती बाजूला राहते, बोटाला लागत नाही. तुमच्याही हातात आहे. करून बघा."

मी टेबलावर हात पालथा ठेवला. करंगळीच्या बाजूला मनगटावर बोट लावलं. गाठ होती, चांगली सुपारीएवढी. हात उताणा केला. बोटाखाली गाठ नाही. साठ वर्षं हा हात माझ्या अंगाला होता आणि मला माहीत नव्हतं.

गौरवी म्हणाली, "आजो, बुवाच्या शिळेर सगळे हात पालथो घालतत. आणि प्रसाद घेताना..." ती थांबली आणि तिनं आपला अर्धाच वळणारा हात पुढे केला.

प्रसाद कुणी पालथ्या हातावर घेतं काय? मेलं तरी घेणार नाही. आमच्याकडे लहान पोराला बोलता येण्याआधी तळहात पुढे करायला शिकवतात. बुवांनी आमची सगळ्यात पक्की सवय उचलली होती. तळहात वर केला की डोळे प्रसादाकडे आणि गाठ आपोआप गायब.

आणि ज्याचा हात वळतच नाही त्याचं काय? त्याची गाठ जाणार नाही, बुवा उघडे पडतील. म्हणून दाराशी पळी घेऊन सुदेश. ज्याच्या हातात तीर्थ राहिलं तो शिळेवर. ज्याचं सांडलं त्याला पट्टी. म्हणजे ज्याच्या हाताला खरोखर काही झालेलं असे, ज्याला डॉक्टरची खरी गरज असे, तोच नेमका पट्टीत बांधला जाई.

डॉक्टरांनी गौरवीचा सिनेमा लावला. अर्ध्यावर हाडं एकमेकांना अडत होती. अंगठ्याकडच्या हाडाची एक कड वाढायची थांबली आहे, दुसरी वाढते आहे, म्हणून ते कलतं आहे, असं त्यांनी दाखवलं. "इथं एक जाड बंध ओढून धरतोय. तो कापायचा आणि अडलेली कड मोकळी करायची. पूर्ण सरळ होईल असं मी सांगत नाही. आणखी वाकडं होणं थांबेल आणि बरंच सुधारेल."

"आणि घट्ट पट्टी बांधली तर?"

त्यांचा चेहरा बदलला. "वाढतं हाड आवळून सरळ होत नाही, काका. रक्त थांबलं तर हात जाईल."

मी गौरवीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि विमलाचं सगळं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. शेवटी विचारलं, "सातवा दिवस पुरा केला असता तर?"

"सहाव्या दिवशी सोडलीत ती लवकर सोडली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी, बोटं सुजली तेव्हा, सोडायला हवी होती." मग जरा थांबून म्हणाल्या, "बुवांनी तुम्हाला उलटं सांगितलं."

वाईट वाटलं की बरं वाटलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. राग मात्र तेव्हा आला, आणि तो गेला नाही. बरं झालं गेला नाही.

घरी मी काही बोललो नाही. परेशनं माझं ऐकलं नसतं. त्याला डोळ्यांनी बघायला हवं होतं. कापलेली अंगठी खिशात घातली आणि रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. पट्ट्या शेवटी बांधत, आधी शिळेवरचं काम चाले. परेश, क्षमा आणि गौरवी पट्टीच्या बाकावर जाऊन बसली. पाल्याचा वाटलेला गोळा आणि कामट्या तयार होत्या. मी शिळेच्या रांगेत शिरलो.

"बाबा, तुमी खंय चालल्यात?" परेशनं विचारलं.

"माझोय हात दुखता," मी म्हटलं.

सुदेशनं पळी पुढे केली. तीर्थ माझ्या हातात राहिलं. "चला, शिळेवर."

बुवांनी मला ओळखलं नाही. ओळखायला दर रविवारी कितीतरी हात येत असतील. "काय त्रास, माउली?"

"मनगटार गाठ आसा."

मी हात पालथा ठेवला. माझी गाठ मोठी, बुवा खूश झाले. "बघा! स्टिअरिंग ओढून ओढून हाड घर सोडून गेलंय!" ड्रायव्हर आहे ते बहुतेक माझ्या खाकी शर्टावरून ओळखलं. दोघांनी बोट लावलं. आसा मा? आसा. लोखंड, रक्त, चुंबक सगळं झालं. करंगळी ओढली, कट्ट. "प्रसाद घे."

मी उताणा हात केला. केळं घेतलं, खाल्लं. प्रसाद टाकायचा नसतो. बोट लावणाऱ्या दोघांनी सांगितलं, "ना! गाठ ना!" टाळ वाजले.

"बुवा," मी म्हटलं, "माइकात आवाज जातो मा? मग ऐका." आणि मी डाव्या हाताची करंगळी त्यांच्या कॉलरजवळ धरून ओढली. कट्ट. शेडभर आवाज गेला. "हें हाड खंयचं जुळलं? हें तर घरातच होतं."

मागे कुणीतरी हसलं.

मग मी उजवा हात परत शिळेवर पालथा ठेवला. "आणि ही बघा. परत इली."

त्या दोघांतल्या एकानं बोट लावलं. "आसा," तो गोंधळून म्हणाला.

हात उताणा केला. "ना."

पालथा. "आसा मरे!"

"बुवा, किती वेळा जोडतात?"

बुवा उभे राहिले. "ज्याची श्रद्धा नाही त्याची गाठ परत येते!"

"येते तर येते," मी म्हटलं, "पण ह्यांची?" मी लोकांकडे वळलो. "सगळ्यांनी एक हात पालथा धरा. दुसऱ्या हाताचं बोट करंगळीच्या बाजूला मनगटावर ठेवा. काय लागतं?"

आधी कुणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं केलं. मग तिच्या नवऱ्यानं. मग सगळी शेड.

"माझीय आसा!"

"आता देव प्रसाद देतो आहे असं समजा. तळहात वर."

दोनशे-अडीचशे हात एकदम उताणे झाले. मग मागून एक जण ओरडला, "माझी गेली रे! बुवान हात पण लावूक नाय!" आणि दुसरा, "बुवानू, आमका सगळ्यांक एकदम जोडल्यात, उपकार झाले!" हशा उसळला. माणसं हात उलटे-सुलटे करत एकमेकांना दाखवू लागली.

"याला बाहेर काढा!" बुवा म्हणाले. सुदेशनं माझा दंड धरला.

"सोड तेका!" मधूनच बाईचा आवाज आला. मयेची सरस्वती होती, गेल्या रविवारची. ती हात पालथा धरून पुढे आली. "माझीय गाठ घराकडे पोचापर्यंत परत इली. आठ दिवस ह्येंचा तेल लावतंय. कोणाक सांगूक नाय. माका वाटला, माझाच काय तरी चुकला."

सुदेशचा हात सैल पडला. मी दाराशी गेलो आणि टांगलेले दोन्ही एक्स-रे काढले. आणून उजेडाला धरले. 'आधी' आणि 'नंतर'. एकाची उजवी कड कात्रीनं कापलेली, दुसऱ्याची डावी. कापताना कात्री मध्ये एकदा वळली होती, दोन्हीकडे तोच वळसा. कडेला कडा लावल्या तर नीट जुळल्या. आरोग्य केंद्राच्या नंबराचे दोन आकडे एका तुकड्यावर, तीन दुसऱ्यावर.

"एक्स-रे काढलात कधी?" मी लोकांना विचारलं. "एका प्लेटीवर दोन चित्रं असतात. एक समोरून, एक बाजूनं. हाड मागे वाकलेलं असेल तर बाजूनं दिसतं, समोरून तेवढं दिसत नाही. हा एकच हात आहे. एकाच दिवशी काढलेला. मोडलेला. 'नंतर' काही नाही. ह्या हाताला नंतर नव्हतं."

मी खिशातून अंगठी काढली. तीन वेढे, मधून कापलेले. चित्रातल्या बोटाशेजारी धरली.

"ही विमला. माझी बायको. ह्या बुवांनी तिची पट्टी आवळली. बोटं सुजली तरी सोडायची नाही म्हणाले. सहा दिवस मी सोडली नाही. इस्पितळानं तिला मारलं नाही." मी परेशकडे बघून बोलत होतो. आता दुसऱ्या कुणाकडे बघता येत नव्हतं. "ती मेली ते ह्या पट्टीनं. आणि पट्टी बांधायला घेऊन गेलो मी. मुलाला दोन वर्षं सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून."

बाकावर क्षमानं तोंडाला पदर लावला. परेश उठून माझ्याजवळ आला. मला वाटलं मारतो की काय. मारलं असतं तरी चाललं असतं.

"सहा दिवस?" त्यानं विचारलं.

"सहा दिवस."

"आई काय बोलली?"

"बोटं नाहीशी वाटतात म्हणाली."

तो मागे वळला. पट्टी बांधणारा माणूस गौरवीचा हात कामट्यांवर धरून, तोंड उघडं टाकून बघत बसला होता. परेशनं गौरवीचा हात त्याच्या हातातून काढून घेतला, कामट्या उचलल्या, गुडघ्यावर मोडल्या आणि पाल्याच्या गोळ्यावर टाकल्या. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "पण देवाचा प्रसाद होता, अशी चेष्टा बरी नव्हे." मी म्हटलं, "प्रसाद मी खाल्ला, आजा. चेष्टा प्रसादाची त्यांनी केली. देवानं कुणाला मनगट आवळायला सांगितलं नव्हतं."

कोरगावपर्यंत परेश माझ्याशी बोलला नाही. जेवतानाही नाही. सोमवारी सकाळी मी अंगणात उभा होतो. आज कोण निघतं, निघतं की नाही, काही ठाऊक नव्हतं. परेश गाडीची किल्ली घेऊन बाहेर आला. मागे क्षमा आणि गौरवी.

"बाबा," तो म्हणाला, "डॉक्टरची फाईल खंय आसा?"

फाईल माझ्या काखेतच होती.

त्याला आता आठ महिने झाले. गौरवीचं मनगट सुतासारखं सरळ झालेलं नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंही नव्हतं. पण वाकणं थांबलं आहे, आणि तळहात पूर्वीपेक्षा पुष्कळ वळतो. उजव्या हातानं जेवते. परवा तिचा परत सिनेमा काढला. आधीचा आणि आताचा शेजारी शेजारी लावले, दोन्हींवर तारीख, दोन्हींवर तिचं नाव. 'आधी' आणि 'नंतर' असं दाखवायचं असतं.

बुवांवर आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, एक्स-रेचे तुकडे आणि अंगठी जोडून. शेड बंद आहे. ते दुसरीकडे कुठंतरी बसत असतील, दगड तर सगळीकडे मिळतात. परेश माझ्याशी बोलतो, पूर्वीसारखं नाही. ते मी मागूही शकत नाही.

हे वाचताना तुम्ही आपलं मनगट एकदा पालथं-उताणं करून बघितलं असेलच. नसेल तर बघा. एवढी लहान गोष्ट आपल्या स्वतःच्या हातात असते आणि आपण ती दुसऱ्याकडून चमत्कार म्हणून घेतो. कुणी काही जुळवून दाखवलं की म्हणा, परत उलटं करून दाखवा. ज्याचं काम खरं आहे तो रागावणार नाही, मागे घेऊन परत दाखवील. मला एका डॉक्टरनं तीन वेळा दाखवलं.

आणि तुमच्या घरात कुणाची पट्टीतली बोटं सुजली, गार पडली, निळी झाली, तर त्याच क्षणी पट्टी सोडा आणि इस्पितळ गाठा. बांधणाऱ्याला विचारायला जाऊ नका. तो म्हणेल सातवा दिवस. मी सहापर्यंत मोजले आहेत. तुम्ही एकही मोजू नका.